औषध सिद्ध करणाऱ्या हातांचे आरोग्य

चिकित्सेचे चार पाद कोणते, असे आपल्यापैकी कोणालाही झोपेतून उठवून विचारले तरी उत्तर मिळेल : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील खुड्डाकचतुष्पाद अध्यायात या प्रत्येकाचे चार-चार गुण सांगितले आहेत. उपस्थात्याचे गुण उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच. यांपैकी अनुराग हा 'भर्त्या'विषयी असावा, अशी अपेक्षा आहे. भर्ता म्हणजे भरणपोषण करणारा. विद्यार्थिदशेत या शब्दावरून आपण सहज पुढे जातो. स्वतःची औषधनिर्माणशाळा काढून चार माणसे कामावर ठेवली, की मात्र तो शब्द अडवू लागतो. ज्याचे भरणपोषण आपण नीट करीत नाही त्याने आपल्याविषयी अनुराग बाळगावा, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

प्रस्तुत लेखाचा विषय कारखान्याच्या व्यवस्थापनाचा वाटेल. परंतु तो मुळात आपल्या औषधाच्या गुणवत्तेचा आहे. संग्रामपूर तालुक्यात लहानशी निर्माणशाळा चालविताना जे अनुभवास आले, त्यात माझ्या चुका अधिक आहेत. त्या आधी सांगतो.

आमच्याकडे एक मावशी अवलेहाचे काम पाहत असत. शिक्षण जेमतेम चौथीपर्यंत. पण कढईतील च्यवनप्राशाचा पाक उलथण्यावर घेऊन त्या जे सांगत, ते ग्रंथोक्त लक्षणांशी जुळत असे. तंतुमत्ता केव्हा आली, थेंब पाण्यात बुडतो की पसरतो, बोटाने दाबल्यावर मुद्रा उमटते की नाही, हे पाहण्यास मी जाईपर्यंत त्यांनी जाळ ओढून घेतलेला असे. एका हंगामात त्या वारंवार रजा घेऊ लागल्या. मूत्रदाह, कंबरदुखी, अधूनमधून ज्वर. मी औषध देत होतो. चार-सहा दिवस बरे वाटे आणि पुन्हा तेच. एकदा नाडी पाहताना मी थोडे रागावूनच म्हणालो, "मावशी, पाणी भरपूर प्या म्हणून किती वेळा सांगितले तुम्हाला?" त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पानी पेलं तं मंग जायाले जागा कोठं हाये, डॉक्टरसाहेब? म्हणून मी दिवसभर पानीच पेत नाई."

माझ्या निर्माणशाळेत स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नव्हते. पुरुष कुंपणापलीकडे जात. स्त्रिया सकाळी घरून निघताना जाऊन येत आणि संध्याकाळी घरी पोहोचेपर्यंत वेग धरून ठेवीत. तेरा अधारणीय वेगांवर मी ठिकठिकाणी व्याख्याने दिली आहेत. 'न वेगान् धारणीय' अध्याय रुग्णांना समजावून सांगणारा मी स्वतःच्या छपराखाली आठ-आठ तास मूत्रवेग धारण करावयास लावीत होतो आणि त्यातून उद्भवलेल्या व्याधीवर औषध देत होतो. मावशींनी पुढे काम सोडले. नव्या माणसाच्या हातून पन्नास किलोचा एक घाणा खरपाक होऊन डब्यात दगडासारखा बसला. दुसरा पातळ राहिला आणि त्यावर महिन्याभरात बुरशी आली. त्या दोन घाण्यांतील आवळे, तूप, मध व सरपण यांचा हिशेब मांडला, तेव्हा तेवढ्या रकमेत स्वच्छतागृह बांधून पाण्याची टाकीही बसविता आली असती, असे दिसले.

आपल्या भागात हा प्रश्न अधिक गंभीर आहे. तालुक्याचा उत्तर भाग सातपुड्याच्या पायथ्याशी. तिकडचे पाणी बरे. दक्षिणेकडे पूर्णेच्या खोऱ्यात उतरू लागलो की खारपाणपट्टा सुरू होतो. अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यातील भूजल क्षारयुक्त आहे आणि संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांतील मूत्रपिंडविकाराचे रुग्ण आपण सारे पाहत आहोत. कारणमीमांसा एकाच घटकावर थांबत नाही. तथापि अशा प्रदेशात उन्हाळ्यात भट्टीजवळ घाम गाळणाऱ्या माणसाने पाणीच न पिणे म्हणजे मूत्रपिंडावर दुहेरी भार टाकणे होय. मी पूर्वी कामगारांना पाणी घरून आणावयास सांगत असे. बाटलीभर पाणी दुपारपर्यंत संपे. आता गोड्या पाण्याच्या दोन कॅन रोज मागवतो, त्यांचा खर्च सरपणाच्या खात्याशेजारी लिहितो आणि वैशाखात पन्हे किंवा पातळ ताक ठेवतो. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांच्या ताकात मीठ नसते.

उन्हाचा विषय निघालाच आहे, तर वेळापत्रकाविषयी सांगितले पाहिजे. वैशाखात आपल्याकडे तापमान ४४-४५ अंशांपर्यंत जाते. ग्रीष्मात व्यायाम अत्यल्प असावा, शीतकाल व वसंत सोडून इतर वेळी बलवानानेही तो मंदच करावा, असे शास्त्र सांगते. चूर्ण कुटणे, काढ्याची कढई उतरविणे, खल घोटणे हा व्यायाम नव्हे तर काय? रुग्णाला ऋतुचर्येचा कागद लिहून देणारा वैद्य आपल्या कामगाराला दुपारी दोन वाजता पत्र्याच्या छपराखाली भट्टीपुढे उभा करतो. आम्ही होळीनंतर कामाची वेळ सकाळी साडेसहा ते साडेअकरा आणि सायंकाळी दोन तास अशी केली. तास कमी झाले, मजुरी तीच ठेवली. मला तोट्याची भीती होती. प्रत्यक्षात दुपारच्या तासांत काम होतच नव्हते, हे नोंदवही मागे चाळून पाहिल्यावर ध्यानात आले. दुपारी गुग्गुळाच्या वट्या मऊ पडून एकमेकींना चिकटत, चाळणीवर घाम पडू नये म्हणून बायका वारंवार थांबत आणि वजनाच्या चुका याच वेळी होत. ते तास आम्ही केवळ उपस्थितीसाठी विकत घेत होतो.

धूळ, चीक आणि विष

आपल्या व्यवसायातील द्रव्ये 'नैसर्गिक' आहेत म्हणून ती हाताळणाऱ्याला अपाय करीत नाहीत, हा समज जितक्या लवकर जाईल तितके बरे. इटलीतील रामाझिनी या वैद्याने १७०० साली कारागिरांच्या व्याधींवर ग्रंथ लिहिला. त्यात आरसे करणारे व कुंभार यांच्याबरोबर औषधे तयार करणाऱ्यांचाही विचार आहे. रुग्णाला त्याचा व्यवसाय कोणता, हे आवर्जून विचारावे, असा त्याचा आग्रह होता. आपण रुग्णाला विचारतो. आपल्याच कामगाराच्या बाबतीत विचारण्याची गरज वाटत नाही, कारण त्याचा व्यवसाय आपल्याला ठाऊक असतो!

इसबगोलाची धूळ घ्या. ती सतत श्वासावाटे गेल्याने औषधकारखान्यांतील कामगारांना आणि हे औषध कालवून देणाऱ्या परिचारिकांनाही तमकश्वास झाल्याच्या नोंदी आधुनिक वैद्यकात आहेत. सोनामुखीच्या बाबतीतही तेच. सुंठ-पिंपळी-मिरी कुटणाऱ्याला सुरुवातीस शिंका येतात, मग 'सवय होते'. ही सवय कधीकधी व्याधीची सुरुवात असते. चित्रकमूळ हाताला भाजते. स्नुही व अर्क यांचा चीक डोळ्यांत उडाला तर दृष्टीला धोका. वत्सनाभ शोधनापूर्वी कुटताना ओठांना, बोटांच्या टोकांना मुंग्या येऊ लागल्या, तर काम तत्काळ थांबविले पाहिजे; ते केवळ शीतवाताचे लक्षण समजू नये.

भल्लातकाविषयी थोडे विस्ताराने. सातपुड्याच्या पायथ्याच्या वस्त्यांतून बिब्बा येतो. विदर्भात बिब्बे फोडून गोडंबी काढण्याचे काम बहुधा स्त्रियाच करतात, आणि त्यांच्या बोटांवरील डाग ज्याने पाहिले आहेत त्याला या द्रव्याची ओळख निराळी करून द्यावी लागत नाही. एकदा आम्ही बिब्ब्याचे शोधन एका नव्या मुलावर सोपविले. विटेच्या भुकटीत घासून तेल शोषून घ्यायचे, एवढे त्याला सांगितले. हाताला आधी तेल लावायचे, हे सांगितले नाही. त्याने मध्येच त्याच हाताने तोंडावरचा घाम पुसला. दुसऱ्या दिवशी चेहरा सुजला, डोळे मिटले, अंगावर फोड. खोबरे, तूप, धण्याच्या पाल्याचा रस, आमसूल असे सारे उपचार झाले. आठवड्याने तो बरा झाला. परंतु घरच्यांनी त्याला पुन्हा पाठविले नाही, आणि त्यांचे बरोबरच होते. बिब्बा आणून देणाऱ्या म्हाताऱ्याने मला विचारले, "तेल नाई लावलं का हाताले?" जे त्याला ठाऊक होते ते माझ्या कार्यपद्धतीच्या पुस्तिकेत लिहिलेले नव्हते. आता लिहिले आहे : कोपरापर्यंत तेल, त्यावर हातमोजे, लांब बाह्या, काम उघड्यावर वाऱ्याला पाठ करून, आणि ज्याला एकदा बिब्बा 'उतला' त्याला त्या कामावर पुन्हा कधीही नाही. एकदा संवेदनशील झालेली त्वचा पुढील खेपेस अल्प स्पर्शानेही अधिक तीव्र प्रतिक्रिया देते.

पारदाविषयी आपल्या मासिकांतून शोधन-संस्कारांवर पुष्कळ लिहिले जाते. खल घोटणाऱ्याविषयी क्वचितच. पारद सामान्य तापमानालाही बाष्परूपाने उडतो. २० अंश तापमानात बंद हवेत त्याची वाफ प्रति घनमीटर सुमारे १३ मिलिग्रॅमपर्यंत साठू शकते. कामाच्या जागी सुरक्षित मानली जाणारी प्रचलित मर्यादा ०.०२५ मिलिग्रॅम आहे. तापमान १० अंशांनी वाढले की वाफेचे प्रमाण साधारण दुप्पट होते. (हवामानाचा पारा चढतो तेव्हा खलातला पाराही चढतो, असे म्हणायला हरकत नाही.) कज्जलीत गंधकाशी संयोग पूर्ण झाल्यावर प्रश्न वेगळा, पण पहिल्या काही तासांच्या घोटाईत मोकळा पारद असतो, आणि डमरुयंत्रातून हिंगुळोत्थ पारद काढताना सांध्याला फट राहिली तर घोटणाऱ्याच्या नाकापर्यंत तो पोहोचतोच. तमिळनाडूतील कोडाईकनाल येथील तापमापक तयार करणारा कारखाना पारदाच्या प्रदूषणावरून २००१ मध्ये बंद झाला. तेथील ५९१ माजी कामगारांशी कंपनीचा समझोता व्हायला २०१६ साल उजाडले. तो कारखाना मोठा होता म्हणून बोभाटा झाला. आपल्या मागच्या खोलीत एकटा खल घोटणाऱ्याचा बोभाटा कोण करणार?

आमच्याकडे कज्जली आता फक्त मार्गशीर्ष ते माघ या काळात, सकाळी, तिन्ही बाजूंनी उघड्या पडवीत होते. हरताळ, मनःशिला यांची पुटे वस्तीपासून दूर आणि वाऱ्याची दिशा पाहून. रसरत्नसमुच्चयात रसशाळेचे जे वर्णन आहे, त्यात अग्निकर्म आग्नेयेस, क्षालन पश्चिमेस, शोषण वायव्येस अशी दालने दिशांनुसार वेगळी काढलेली आहेत. त्यामागे वास्तुशास्त्र आहे हे खरेच. पण भट्टी, धुणे आणि वाळवणे ही कामे एकमेकांच्या अंगावर येऊ नयेत, ही व्यवहारदृष्टीही त्यात मला दिसते. आपल्या अनेक निर्माणशाळांत हे सारे एकाच पत्र्याखाली चालते.

आसवारिष्टांच्या मोठ्या टाक्या ज्यांच्याकडे आहेत, त्यांच्यासाठी एक सूचना. संधान चालू असताना निघणारा वायू हवेपेक्षा जड असल्याने टाकीत आणि बंद खोलीत तळाशी साचतो. पेटती काडी नेली असता ती विझते, ही संधानपरीक्षा आपण शिकलो आहोत. जेथे काडी विझते तेथे माणूसही गुदमरतो. टाकी धुण्यासाठी आत माणूस उतरविण्यापूर्वी ती पुरेशी मोकळी ठेवून हवा खेळवावी, काडीची परीक्षा पुन्हा करावी, आणि वर दुसरा माणूस दोर धरून उभा असावा. आतला माणूस पडला तर त्याला काढण्यासाठी घाईने दुसऱ्याने उडी मारू नये. अशा अपघातांत वाचवायला गेलेलाच अनेकदा प्राण गमावतो.

यंत्रांच्या बाबतीत एक गोष्ट आपल्या ग्रामीण भागाची म्हणून सांगण्यासारखी आहे. वीज जाते, पल्व्हरायझर थांबतो, बटण चालूच राहते. कामगार या संधीत जाळी साफ करण्यासाठी किंवा अडकलेले मूळ काढण्यासाठी हात घालतो, आणि वीज येते. शेतातील पंप वीज येताच आपोआप सुरू व्हावा म्हणून ऑटो स्विच बसविण्याची आपल्याकडे पद्धत आहे. तोच विजेचा कारागीर तेच उपकरण आपल्या कुटणयंत्राला बसवून देतो आणि आपणही सोय म्हणून ते स्वीकारतो. कुटणयंत्राला ते कदापि नको. वीज गेल्यावर स्वतःहून सुटणारा आणि हाताने दाबल्याशिवाय सुरू न होणारा स्टार्टरच हवा. पट्ट्यावर जाळी हवी, आणि यंत्रावर काम करणाऱ्या स्त्रियांना पदर व बांगड्या आत राहतील असा पूर्ण बाह्यांचा झगा हवा.

मुखपट्टी देऊन सुटका नाही

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. शासनाने विशेष चौकशी पथक नेमले. त्या वेळी 'मजुरांनी मुखपट्टी, हातमोजे वापरले नाहीत' हे वाक्य पुष्कळदा ऐकू आले. कपाशीचाच तालुका असल्याने आपल्याकडेही असे रुग्ण येतात. त्यांना विचारून पाहा : डोक्याइतक्या वाढलेल्या पिकात, दमट उकाड्यात, पाठीवर पंप घेऊन नाकातोंडावर जाड आवरण किती वेळ राहते? दिवसाच्या मजुरीवर राबणाऱ्याच्या गळ्यात सुरक्षेची सारी जबाबदारी बांधणे सोपे असते.

आपल्या निर्माणशाळेतही मी प्रथम हेच केले. खोकाभर मुखपट्ट्या आणल्या. आठ दिवसांत त्या खुंटीला लटकलेल्या दिसू लागल्या. तेव्हा उशिरा सुचले की धूळ नाकाशी अडविण्याऐवजी ती जेथे उडते तेथे अडवावी. कुटणयंत्राच्या तोंडाला लांब कापडी पिशवी बांधली, चाळणीला झाकण केले, झाडू बंद करून ओल्या फडक्याने पुसणे सुरू केले. पिशवीत जमलेले चूर्ण तोलले, तेव्हा आजवर आपला मालच हवेत उडत होता हेही कळले. मुखपट्टी अजूनही आहे; पण थोड्या वेळाच्या कामापुरती, म्हणून ती वापरली जाते.

कायद्याची बाजू थोडक्यात. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या मूळ व्याख्येत विजेवर चालणारा कारखाना म्हणजे १० कामगार. नव्या संहितेत ही संख्या २० आहे. म्हणजे तालुक्याच्या ठिकाणच्या आपल्यासारख्या बहुतेक निर्माणशाळा 'कारखाना' ठरतच नाहीत. परंतु परवानाधारकांनी हुरळून जाऊ नये. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील शेड्यूल टी, जे २००० साली लागू झाले, ते कामगारांची संख्या विचारीत नाही. कामगारांना योग्य पोशाख, हात-पाय-डोके झाकण्याची साधने, साबण व टॉवेल, कपडे बदलण्याची सोय, स्त्रियांसाठी व पुरुषांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, प्रथमोपचार, आणि नोकरीच्या वेळी व त्यानंतर वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करून तिची नोंद, हे सर्व त्यात आहे. निरीक्षणाच्या आदल्या दिवशी ही नोंदवही एका बैठकीत, एकाच शाईने भरली जाते, हे आपण एकमेकांपासून लपविण्यात अर्थ नाही. स्वतःच्या रुग्णांपुरते औषध करणाऱ्या वैद्यास परवान्याची अट नाही. पण खल त्याच्याकडेही घोटला जातो आणि धूळ तेथेही उडते.

एवढे सारे करून उत्पादन खरोखर वाढते काय, असा प्रश्न व्यापारी दृष्टीचे सहव्यावसायिक विचारतात, आणि तो रास्त आहे. अमेरिकेतील अल्कोआ या ॲल्युमिनियम कंपनीची सूत्रे पॉल ओनील यांनी १९८७ मध्ये हाती घेतली, तेव्हा नफ्याऐवजी कामगारांची सुरक्षितता हे पहिले उद्दिष्ट त्यांनी भागधारकांपुढे ठेवले. गुंतवणूकदार गोंधळले. २००० साली ते निवृत्त झाले तोवर अपघात तर घटलेच, कंपनीचा नफाही अनेक पटींनी वाढला होता. अपघात का झाला हे शोधताना काम कोठे चुकते तेही सापडते, हे त्याचे कारण. एवढ्या मोठ्या उदाहरणाची आपल्याला गरजही नाही. पाक ओळखणारा हात पाच-सहा हंगामांत तयार होतो. तो गेला की घाणा बिघडतो.

वार्षिक तपासणीत एक अडचण आहे, आणि ती केवळ आपल्याच व्यवसायात आहे. मालकच वैद्य असतो. खोकला येतो असे सांगितले तर साहेब कामावरून काढतील, ही भीती कामगाराच्या मनात असते. म्हणून तो प्रश्नपरीक्षेत 'काही नाही' म्हणतो आणि आपण ते लिहून घेतो. मावशींनी मला स्वच्छतागृहाविषयी इतके दिवस सांगितले नाही, त्याचे कारण संकोच होता तसाच हा धाकही होता.

यावर परिसरातील आम्ही तिघांनी एक तोड काढली आहे. माझ्या कामगारांची तपासणी जळगाव जामोदकडील वैद्यमित्र करतात, त्यांच्या कामगारांची तिसरे आणि तिसऱ्यांच्या कामगारांची मी. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, मूत्रातील प्रथिने आणि क्रिएटिनिन सर्वांचे. धुळीत काम करणाऱ्यांची श्वसनक्षमता. रसौषधींच्या कामावरील माणसांच्या हिरड्या, लालास्राव, निद्रा, स्वभावातील चिडचिड आणि हाताचा कंप. कंपासाठी दरवर्षी त्याच कागदावर एक गोल चक्राकार रेघ काढून घेतो. गेल्या वर्षीच्या रेघेशेजारी यंदाची ठेवली की फरक डोळ्यांना दिसतो. शंका आल्यास मूत्रातील पारदाची तपासणी बाहेरील प्रयोगशाळेत करून घ्यायची. व्याधी आढळली तर मालकाला फक्त 'या कामावर ठेवू नये' एवढेच कळते, आणि माणसाला दुसरे काम द्यायचे, काढायचे नाही, असे आम्ही आपसांत ठरविले आहे. हे ठरविताना सर्वाधिक खळखळ माझीच झाली, कारण माझ्याकडे दुसरे काम देण्याइतकी जागा कमी आहे.

स्वच्छतागृह गेल्या वर्षी बांधून झाले. मावशी आता आठवड्यातून दोन दिवस येतात, पाक शिकवितात आणि तासाभराने तांब्याभर पाणी पितात. यंदाच्या आवळ्याच्या हंगामापूर्वी तपासणीची ही फेरी पुन्हा होईल. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद परिसरातील ज्या निर्माणशाळाचालकांना तीत सामील व्हावयाचे असेल त्यांनी दिवाळीपूर्वी कळवावे. चौथा वैद्य मिळाला तर भट्टीवर काम करणाऱ्यांसाठी नेत्रतपासणीही जोडण्याचा विचार आहे.